पुसट छापलेली चौथी ओळ

मित्रांनो, मी रक्त तपासणारा एक जुना फोटोमीटर आहे. आता माझ्या अंगावर प्लॅस्टिकचं कापड आहे आणि कापडावर धूळ. पण तेवीस वर्षं मी बोयाका नावाच्या डोंगरी मुलखातल्या एका लहान आरोग्य केंद्रात काम केलं. त्या वर्षांतला एक मंगळवार मला अजून टोचतो. तो सांगून टाकावा म्हणून बोलतो आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. पत्र्याचं चौकोनी अंग, पोटात एक दिवा, दिव्यापुढे रंगीत काचांच्या चकत्या आणि उजव्या कुशीत कागदाची गुंडाळी बसवलेला छोटा छापखाना. खोक्यात बंद होऊन मी बोटीतून आलो आणि शेवटचा घाट रिकाम्या पोत्यांवर बसून चढलो, कारण गावात वर जाणारा ट्रक बटाट्याचाच होता. मला उतरवून घ्यायला सेन्योरा नूबिया स्वतः उंबऱ्यात उभ्या होत्या. प्रयोगशाळा म्हणजे त्या एकट्याच. तेव्हा त्यांचे केस काळे होते.

माझ्याआधी रक्ताच्या नळ्या शहरात जायच्या आणि उत्तर नवव्या दिवशी यायचं. मी आल्यावर ते त्याच सकाळी मिळू लागलं. लोक लोकरीच्या घोंगड्या पांघरून बाकावर बसत आणि दारातून माझ्याकडे कौतुकानं बघत. एका म्हातारीनं तर मला नमस्कार केला होता. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

माझं काम असं. रक्त गरगर फिरवलं की वर पिवळसर पाणी राहतं. नूबिया त्यातलं थेंबभर घेऊन त्यात रसायन घालत आणि नळी माझ्या पोटात ठेवत. मी तिच्यातून उजेड सोडायचो आणि पलीकडे किती पोहोचतो ते मोजायचो. यकृताच्या तपासणीत मला एन्झाइमं मोजावी लागत. ही द्रव्यं एरवी पेशींच्या आत असतात. पेशी दुखावली की ती रक्तात सांडतात. किती सांडलं ते मी सांगू शकतो, मित्रांनो. कुठून सांडलं ते मला दिसत नाही. माझी ही मर्यादा पहिल्या दिवसापासूनची आहे, पण कौतुकाच्या दिवसांत ती कुणाला आठवायची नाही, आणि मलाही नाही.

वर्षं गेली. दिवा दोनदा बदलला गेला, पण छापखान्याकडे कुणी पाहिलं नाही. त्याचं टोक झिजलं होतं, अक्षरं फिकी येऊ लागली होती. दुरुस्तीसाठी नूबियांनी तीन अर्ज लिहिले आणि तिन्ही कुठल्याशा टेबलावर राहिले. स्वस्तातली गुंडाळी यायची, ती शेवटाकडे आली की कागद आखडायचा आणि खालच्या ओळीवर नुसती राखाडी सावली उमटायची. मला ते कळत होतं. मी छापत राहिलो.

अशा त्या मंगळवारी एलिएसेर पाचोन आला.

पंचेचाळिशीचा रुंद खांद्यांचा माणूस. पूर्वी तो दूध संघाची टाकीगाडी चालवायचा. डोंगरातल्या गोठ्यागोठ्यातून दूध गोळा करायचा आणि त्याच वाटेवर दारू प्यायचा. एकदा गाडी नाल्यात गेली. माणूस वाचला, नोकरी गेली, आणि बायको ओतिलिया मुलीला घेऊन माहेरी निघून गेली. त्यानंतर त्यानं दारू सोडली. साडेतीन वर्षं थेंब घेतला नव्हता, आणि ओतिलिया परत येऊन आठ महिने झाले होते. आता संघानं त्याला पुन्हा गाडी द्यायचं ठरवलं होतं. अट एकच, डॉक्टरचा दाखला.

रक्त काढताना त्याचा कोपर सरळ होईना.

नूबिया म्हणाल्या, "काय हो, हात घरी विसरून आलात?"

"आहे ना बाई, पण आज माझं ऐकत नाही," तो हसत म्हणाला.

बाकावर एकवीस जण खोळंबले होते. नूबियांनी पुढचं काही विचारलं नाही. हातावर कापूस ठेवला आणि पुढच्या माणसाचं नाव घेतलं.

मी त्याच्या यकृताच्या तपासणीच्या चार ओळी छापल्या. एएसटी एकशे शहाऐंशी, जिथे चाळीसपर्यंत चालतं. एएलटी अठ्ठ्याहत्तर, त्याचीही हद्द चाळिशीचीच. दोन्हींपुढे मी चांदणी काढली, कारण आकडा हद्दीबाहेर गेला की चांदणी काढायची असं मला शिकवलेलं आहे. तिसरी ओळ कावीळ दाखवणाऱ्या बिलिरुबिनची, ठीक होती. चौथी जीजीटीची. रोज पिणाऱ्याचा हा आकडा बहुधा वाढलेला असतो. एलिएसेरचा चोवीस होता, अगदी सरळ माणसाचा. तेवढ्यात गुंडाळी संपत आली, कागद आखडला आणि चोवीसच्या जागी राखाडी डाग उमटला.

चांदण्या मात्र काळ्याभोर आल्या होत्या.

माझ्या पाठीमागे प्लायवूडची भिंत आणि भिंतीपलीकडे डॉक्टरची खोली. डॉक्टर फाबियान नव्यानं शिकून आलेला होता, वर्षभराच्या सक्तीच्या नेमणुकीवर. वाईट नव्हता. घाईत होता.

"दिवसाला किती घेता?" त्याचा आवाज आला.

"काही नाही डॉक्टर. साडेतीन वर्षं झाली."

"हे बघा, पहिला आकडा दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त आहे. पिणाऱ्याच्या यकृताचं असंच दिसतं. माझ्यापासून लपवून काय मिळणार तुम्हाला?"

"मी लपवत नाहीये."

"मग कागद खोटं बोलतोय?"

मग त्याच्याबरोबर आलेल्या ओतिलियाचा आवाज आला. आमच्या डोंगरात नवराबायकोही एकमेकांना 'तुम्ही'च म्हणतात, त्यामुळे भांडणसुद्धा लांबून अदबीचं वाटतं.

"तुम्ही मला माझ्या आईसमोर शब्द दिला होता," ती म्हणाली.

"आणि पाळलाय. ओतिलिया, माझ्याकडे बघा तरी."

"मी कागदाकडे बघतेय."

दाखला मिळाला नाही. ती दोघं माझ्या दारावरून गेली तेव्हा त्यांच्यात चार हात अंतर होतं. मला हाक मारता आली असती तर मी नक्की मारली असती. चोवीसचा आकडा तेव्हा माझ्या आठवणीत जसाच्या तसा होता.

पुढचं मला सोमवारी कळलं. सोमवारी एलिएसेर एकटाच आला, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. नूबिया रसायनांच्या बाटल्या मांडत होत्या. त्यांनी दारूचा वास ओळखला.

"बाई, तुमच्या यंत्राला सांगायला आलोय," तो म्हणाला. "ते बरोबर होतं म्हणावं. थोडं लवकर बोललं एवढंच."

नूबियांनी त्याला स्टूल दिलं आणि चुलीवरचं गुळाचं पाणी कपात ओतून दिलं. मग त्यानं सांगितलं. ओतिलिया बुधवारी मुलीला घेऊन माहेरी गेली होती. गुरुवारपर्यंत गावभर झालं. रविवारी दुपारी तो तेहो खेळाच्या अंगणाजवळून चालला होता. तिथे माणसं लोखंडी चकत्या फेकत खेळतात आणि बिअरची पेटी जवळच असते. कुणीतरी ओरडलं, 'या की पाचोन. सरकारी कागदावर तर तुम्ही प्यायलेलेच आहात, निदान चव तरी घ्या.' सगळे हसले.

"मी पण हसलो," एलिएसेर म्हणाला. "हसलो आणि बसलो. पहिली बाटली उघडताना वाटलं, अजून उठता येईल. सहावी झाल्यावर मोजायचं सोडलं."

मित्रांनो, माझ्या पोटातला दिवा तेव्हा चालू होता, पण उजेड नकोसा वाटत होता.

नूबिया त्याच्याकडे बघत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "त्या दिवशी तुमचा कोपर का सरळ होत नव्हता?"

"काम केलं होतं ना. रविवार-सोमवार दोन ट्रक बटाटे उतरवले. पन्नास किलोचं पोतं. दोन महिने मनगट मोडून घरी होतो, पहिल्यांदाच गेलो, अंग आखडलं. त्याचं काय?"

"मंगळवारी लघवीला रंग आला होता?"

"कोऱ्या चहासारखी झाली होती. बाई, हे काय विचारताय?"

त्या माझ्याकडे आल्या. माझ्या आठवणीचं बटण त्यांनी कित्येक महिन्यांत दाबलं नव्हतं. त्यांनी ते दाबलं, मंगळवार शोधला आणि पडद्यावर चौथी ओळ आली. जीजीटी चोवीस. मग त्यांनी फ्रीजमधून त्याची आठवडाभर ठेवलेली नळी काढली आणि माझ्यात ठेवली. या वेळी त्यांनी मला वेगळंच द्रव्य मोजायला लावलं, सीके नावाचं. ते स्नायूंमध्ये असतं. एकशे नव्वदपर्यंत चालतं. मी मोजलं ते चार हजार नऊशे निघालं.

"एएसटी नुसत्या यकृतात नसतं हो," नूबिया हळू आवाजात म्हणाल्या. "दंडात, पाठीत, मांडीतही असतं. एएलटीसुद्धा थोडं असतं. तुम्ही पोती उचललीत, स्नायू दुखावले, ते सगळं रक्तात उतरलं, लघवीचा रंगही त्याचाच. तुमचं यकृत बिचारं गप्प होतं."

एलिएसेरनं कप खाली ठेवला. "म्हणजे मंगळवारी मी खरा होतो."

"होतात."

"आणि रविवारी..." एवढंच म्हणून तो थांबला.

नूबियांनी डोळे पुसले. "मी हात पाहिला होता तुमचा. चिठ्ठीवर दोन शब्द लिहायला हवे होते. कागदही न वाचता पुढे दिला."

त्यांनी स्वतःला बोल लावला, यंत्राला कुणी लावला नाही. तेच मला जास्त लागलं.

त्या भिंतीपलीकडे गेल्या. डॉक्टर फाबियानचा आवाज आधी चढा होता, मग खाली आला. शेवटी तो एवढंच म्हणाला, "तुम्ही काय काम करता, हे मी त्यांना विचारलंच नाही." त्यानं एलिएसेरला भरपूर पाणी प्यायला आणि दहा दिवस पोती न उचलायला सांगितलं. त्यानंतर पुन्हा रक्त द्यायचं होतं. ओतिलियाला निरोप त्यानं स्वतः गाडी काढून पोहोचवला.

दहा दिवसांनी मी पुन्हा मोजलं. नूबियांनी नवी गुंडाळी घातली होती आणि छापखान्याचं टोक स्पिरिटनं पुसलं होतं. एएसटी एकोणतीस. एएलटी सत्तावीस. जीजीटी सव्वीस. चारही ओळी स्वच्छ, एकही चांदणी नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुबक कागद असेल तो. आणि मला त्याची लाज वाटत होती. तो प्यायला नव्हता तेव्हा मी त्याच्यावर बोट दाखवलं, आणि तो प्यायल्यावर मी त्याला निर्मळ ठरवलं. एका दिवसाची दारू दहा दिवसांनी माझ्या आकड्यांत दिसत नाही.

डॉक्टरनं त्या दिवशी कागद माझ्या खोलीतच वाचला. ओतिलिया दाराशी उभी होती, मुलीचा हात धरून.

"सेन्योर पाचोन, मी तुमची माफी मागतो," डॉक्टर म्हणाला. "दाखला आत्ताच लिहून देतो. कागदावर काहीही नाही."

"थांबा डॉक्टर," एलिएसेर म्हणाला. त्यानं टोपी काढून हातात घेतली. "ओतिलिया, तुम्ही गेल्यावर रविवारी मी प्यायलो. भरपूर प्यायलो. कागदात नाहीये, म्हणून मीच सांगतोय."

मला वाटलं, ती आता पाठ फिरवणार.

"त्या मंगळवारी सकाळी मी तुमच्या शेजारी झोपून उठले होते," ओतिलिया म्हणाली. "तुमच्या श्वासाला वास नव्हता. मला माहीत होतं. तरी मी कागदाचं ऐकलं." तिनं मुलीचा हात सोडला आणि त्याच्या हातातली टोपी घेतली. "रविवारचं मी विसरणार नाही. तुम्ही माझा बुधवार विसरू नका. चला, घरी जाऊन काय ते बोलू."

सगळं काही जागेवर आलं नाही, मित्रांनो. संघानं तोवर टाकीगाडी दुसऱ्याला दिली होती. एलिएसेरला आठवड्यातून दोन दिवस बदली चालक म्हणून घेतलं आणि पूर्ण काम मिळायला वर्ष लागलं. पुन्हा पिण्याची ओढ त्याला दोन-तीनदा अगदी घट्ट धरून बसली. तेव्हा तो नूबियांच्या स्टुलावर येऊन बसायचा आणि ओढ ओसरली की निघून जायचा. त्या मंगळवारनंतर नूबिया प्रत्येक नळीबरोबर एक चिठ्ठी जोडू लागल्या. काल काय काम केलं, कुठल्या गोळ्या, कुठला काढा, पडलात का, ताप आला का. अक्षर त्यांचंच असायचं, ठळक निळ्या शाईतलं. पुढे त्या निवृत्त झाल्या, नवं यंत्र आलं आणि मला कोपऱ्यात ठेवलं. नवं यंत्र बारीक आवाजात काम करतं आणि माझ्यापेक्षा पुष्कळ हुशार आहे. कुठून सांडलं ते त्यालाही दिसत नसावं.

म्हणून सांगतो. आमची निगा राखा. टोक पुसा, गुंडाळी वेळेवर बदला, अर्ज टेबलावर पडू देऊ नका. आणि तुमच्या घरात कुणाचा असा कागद आला, त्यावर चांदणी असली, तर घाबरा जरूर, डॉक्टरकडेही जा, पण आधी ज्याचं रक्त आहे त्याला शेजारी बसवा आणि विचारा. तो काय सांगतो ते पूर्ण ऐकून घ्या.

गेल्या महिन्यात एलिएसेर वर्षाच्या तपासणीला आला होता. नूबियांच्या जागी आलेल्या नव्या मुलीनं विचारलं, "दारू सोडून किती वर्षं झाली?"

"सहा," तो म्हणाला.

दाराशी उभी असलेली ओतिलिया म्हणाली, "साडेनऊ लिहा. आणि मधला एक रविवार."