मुलाखतीचा काळा कोट

मी एक जुना काळा कोट आहे. जुना म्हणतो, पण फाटका नाही हं! कोपरावर थोडी चकाकी आली आहे, खिशाचे अस्तर एकदा बदलले आहे आणि मानेच्या मागे एक टेंगूळ आहे. त्या टेंगळाची गोष्ट पुढे येईलच. मित्रांनो, मी आयुष्यात कुठल्या लग्नाला गेलो नाही की मेजवानीला गेलो नाही. मी गेलो ते फक्त नोकरीच्या मुलाखतींना. त्यामुळे माझ्याजवळ सांगण्यासारखे फार नाही, पण जे आहे ते डोळ्यांदेखत घडलेले आहे.

माझा जन्म दोन खोल्यांच्या घरात झाला. पुढच्या खोलीत आई शिवणकाम करायची. मीही तिला आईच म्हणतो, कारण तिनेच मला बेतले, कापले आणि शिवले. तिच्याकडे आधी दोन शिलाई मशिने होती. मुलगा कॉलेजात गेला तेव्हा एक विकून तिने त्याची फी भरली. ते मशीन जिथे असायचे तिथे फरशीवर त्याच्या पायांचे डाग अजून दिसतात. मुलगा रसायनशास्त्राचा पदवीधर झाला आणि आईने गिऱ्हाइकांची सगळी कामे बाजूला सारून मला हातात घेतले. "साहेब होणार माझा मुलगा," असे ती सुईत दोरा ओवताना स्वतःशीच म्हणायची. माझ्या शिवणीत तिने भरपूर माया ठेवली, म्हणजे जास्तीचे कापड आत दुमडून शिवले. नोकरी लागली की पोरगा अंगाने भरेल, मग उसवून कोट मोठा करता येईल, असे तिच्या मनात होते.

त्या घरात एक नियम होता. मुलाने सुईला हात लावायचा नाही. लहानपणी तो मशीनजवळ घुटमळला, की आई त्याच्या हातावर चापट मारायची. "अरे, मी काय हौसेने शिवते का? तू पुस्तक घे. हे काम तुझ्या हाताला लागलं, तर माझं सगळं पाण्यात गेलं!" साधे बटण तुटले तरी ती त्याला लावू द्यायची नाही. शेजारणी म्हणायच्या, "पोराला किती जपते बघा!"

मग आमच्या मुलाखती सुरू झाल्या. बाहेर खुर्च्यांची रांग असायची आणि प्रत्येक खुर्चीत माझ्यासारखाच एक कोट, मांडीवर तशीच फाईल. सगळे पदवीधर, आणि जागा एक. एके ठिकाणी म्हणाले, "तुम्हाला अनुभव नाही." दुसरीकडे म्हणाले, "या कामाला तुमचं शिक्षण जास्त होतं. तुम्ही टिकणार नाही." म्हणजे दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत! जोडे झिजले, माझी कोपरे झिजली. शेवटी सगळीकडे एकच वाक्य ऐकू यायचे, "कळवतो तुम्हाला." कोणी कधी काही कळवले नाही.

रंगाच्या एका कारखान्यात वयस्कर साहेब होते. त्यांनी आपुलकीने विचारले, "समजा इथे नाही जमलं, तर काय कराल?" मुलाने आपले हात माझ्या बाह्यांत ओढून घेतले. ते गार पडले होते. दुसरे काही करायला त्याला कोणी शिकवलेच नव्हते, तर तो बिचारा काय सांगणार?

त्या दिवशी घरी आल्यावर त्याने मला हँगरवर लावले नाही. दाराजवळच्या खिळ्यावर अडकवले, आणि मी तिथेच राहिलो. खिळा माझ्या मानेत रुतून ते टेंगूळ आले, अस्तराला कसर लागली. त्याला पार्सलच्या गोदामात खोकी चढवण्या-उतरवण्याचे काम मिळाले. तिथे डिग्रीही कोणी विचारत नव्हते आणि कोटही लागत नव्हता. मला भारी राग यायचा. मी काय याचे घोडे मारले होते? पण खिळ्यावरून सगळी खोली दिसते, मित्रांनो. मुलगा कामावर निघाला की आई दार अर्धेच उघडायची. कोणी विचारले तर 'ऑफिसला गेलाय' म्हणायची. ते त्याला ऐकू जायचे. मग माझा राग गेला आणि मला नुसते वाईट वाटू लागले.

त्याला एक धाकटी बहीण होती. गोदामातून आला की तो तिचा अभ्यास घ्यायचा. एकदा त्याने माझी कॉलर उलटी केली. "हे बघ, बाहेरचा काळा विटलाय आणि आतला तसाच आहे. सांग, का?" मग ऊन रंगाचे काय करते, कण कसे तुटतात, हे तो सांगत सुटला. तेवढा वेळ त्याचा चेहरा इतका खुलायचा, की हाच का तो खोकी उचलणारा, असे वाटावे. ऐकता ऐकता बहिणीलाही त्याच विषयाचे वेड लागले.

तिची शाळा संपली. गुण उत्तम मिळाले. कॉलेजात नाव घालायची वेळ आली तेव्हा आईने उरलेल्या मशीनवर हात ठेवला. "हे विकू. तुझं शिक्षण थांबायचं नाही."

तो ताडकन उठला. "एका डिग्रीने एक मशीन खाल्लं, आई! आता दुसरीने दुसरं खायचं? आणि मिळालं काय? खोकी उचलतोय मी!"

बहीण दारापाशी उभी होती. तिने माझी बाही घट्ट धरली होती. ती म्हणाली, "मग दादा, मला एवढं शिकवलंस कशाला? आता मला ते सुटत नाही."

तो मटकन खाली बसला. आईने मशीनवरचा हात काढून घेतला. "डिग्रीला बोल लावू नकोस रे. मीच चुकले. तुझे हात जपले, पण जपता जपता ते रिकामेच ठेवले."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. मुलगा उठून तिच्याजवळ गेला. "मशीन विकायचं नाही," तो म्हणाला. "हिची फी मी भरीन. पण कॉलेजातून आल्यावर ही तुझ्याशेजारी बसून शिवण शिकेल. आणि मीसुद्धा."

"तू?"

"हो, मी. आता तरी लावू दे की सुईला हात!"

आईने त्याच्या हातात सुई दिली आणि मला खिळ्यावरून काढून त्याच्या मांडीवर ठेवले. माझे लोंबणारे बटण त्याने लावले, वेडेवाकडे. त्याच्या बोटाला सुई टोचली. आईचा हात पुढे आला, पण तिने चापट मारली नाही. "दोरा आखूड घे," एवढेच म्हणाली.

पुढे बहीणही पदवीधर झाली. तिच्यासाठी दादानेच मला उसवले आणि तिच्या मापात बसवले. आईला बोट दाखवायला जागा उरली नाही, इतके नीट टाके घातले. आणि मी पुन्हा त्या खुर्च्यांच्या रांगेत जाऊन बसलो. एका औषध कंपनीत तिथल्या बाईंनी तोच प्रश्न विचारला, "इथे नाही जमलं तर काय करशील?" माझा धागा न् धागा ताणला गेला.

ती म्हणाली, "वाईट वाटेल, मॅडम. दोन दिवस घरच्यांवर चिडेन. मग आमची शिवणाची कामं आहेत, ती करत करत दुसरीकडे अर्ज करीन." तिचे हात मांडीवर शांत होते.

बाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "कोट छान बसलाय."

"आईने शिवला. माझ्या मापाचा दादाने केला. तो गोदामात काम करतो, रसायनशास्त्राचा पदवीधर आहे." हे ती मान वर करून म्हणाली. त्या घरातल्या कोणी हे असे उघड सांगितलेले मी पहिल्यांदाच ऐकले.

बाहेर दादा गोदामाच्या कपड्यांतच उभा होता. "काय म्हणाले गं?"

"कळवतो म्हणाले."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि खो खो हसत सुटले. त्या शब्दावर कोणी हसू शकते, हे मला ठाऊक नव्हते.

कंपनीकडून अजून काही कळलेले नाही. आता मी हँगरवर असतो, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. मित्रांनो, शिका, खूप शिका. पण शिकता शिकता हात रिकामे ठेवू नका. आणि शिकलेल्या कोणाला नोकरी मिळाली नाही, तर त्याला खिळ्याला अडकवल्यासारखे विसरून जाऊ नका, त्याच्याविषयी अर्धे दार उघडून बोलू नका. मानेला आलेले टेंगूळ लवकर जात नाही. दादा अजून दर आठवड्याला त्यावर ओले फडके ठेवून इस्त्री फिरवतो. "जाईल रे, जाईल," असे हळूच म्हणतो. मला म्हणतो की स्वतःला, ते मी अजून त्याला विचारलेले नाही.