एकाच बरणीतले शिकारी

मी एक जुनी कीटक पकडायची जाळी आहे, मित्रांनो. खुंटीवर टांगलेली असते, पण जीव काही तिथे रमत नाही. जरा वारा आला की माझं पोट फुगतं आणि वाटतं, चला, निघू या आता!

मामीच्या शिवणयंत्रावर माझा जन्म झाला. फाटकी मच्छरदाणी, जाड तारेचं कडं आणि बांबूची काठी, एवढंच माझं घराणं. मामीने मला शिवलं ते भाचीसाठी. ती कीटकांचा अभ्यास करायची. सुट्टी लागली की मामाकडे येऊन मला घेऊन डोंगरमाथा गाठायची. तिथे उन्हाचा नि धुक्याचा सारखा लपंडाव. काय काय धरलं मी! झऱ्याकाठचे चतुर आणि त्यांच्यासारख्याच पण सडपातळ टाचण्या, पायवाटेवर सुसाट पळणारे वाघभुंगेरे, गवतात पुढचे पाय जोडून बसलेले प्रार्थनाकीटक, दगडावर टपलेल्या दरोडेखोर माश्या. सगळे शिकारीच, पण प्रत्येकाचा मुलूख वेगळा आणि सावज धरायची तऱ्हाही वेगळी.

माथ्याखाली मामाची कोबीची शेती होती. वरचं गवत म्हणजे किड्यांचं घर, ते पेटवायचं, असं त्याने ठरवलं. भाचीने विनवलं, तिथे कोबीवरची कीड खाणारेही राहतात, तुला दाखवते. मामा म्हणाला, संध्याकाळपर्यंत दाखव, नाहीतर काडी लावतो.

त्या दिवशी तिने मला असं फिरवलं की माझी शिवण उसवायला आली. मी गच्च भरले. पण धुकं उतरू लागलं, तिची धांदल उडाली आणि एरवी प्रत्येकाला वेगळी बाटली देणाऱ्या या मुलीने सगळ्यांना एकाच बरणीत कोंबलं. अगं बाई, शिकारी ते, गुण्यागोविंदाने राहतील होय? मला तोंड असतं तर ओरडले असते.

घरी ओट्यावर बरणी ठेवली, तर आत एकच टम्म फुगलेला प्रार्थनाकीटक निवांत पाय चाटत होता. तळाशी पंखांचा नि तंगड्यांचा कचरा.

मामा पोट धरून हसला. "या एका किड्यासाठी माथा राखायचा का गं?"

भाचीने तो कचरा दाखवून परोपरीने समजावलं. मामाने ऐकलं नाही. गवत पेटलं. खिडकीतून धूर आत येत होता आणि मी खुंटीवर नुसती तळमळत होते.

पुढच्या हंगामात कोबीवर अळ्या पडल्या. पानांची चाळण झाली. औषध मारून झालं, हाताने वेचून झालं. शेवटी एका दुपारी मामाने स्वतः मला काढलं आणि माथ्यावर नेलं. गवत पुन्हा उगवलं होतं. त्याने मला फिरवलं, परत फिरवलं, उलटं करून झटकलं. गवताच्या बियांशिवाय काही पडलं नाही. तो तिथेच बसला आणि त्याने भाचीला फोन लावला.

"तुझे ते शिकारी परत कधी येतील गं?"

 ती म्हणाली, "जवळपास कुठे उरले असतील तर येतील, मामा. तोवर गवताला हात लावू नकोस."

मित्रांनो, गवताला काडी लावण्याआधी जरा वाकून बघा, आत कोण राहतं ते. पेटवायला एक दुपार पुरते. पुन्हा वसायला किती काळ लागतो, हे भाचीलाही सांगता येत नाही. मामा आता रोज मला घेऊन वर जातो. कालही मी रिकामीच परत आले.