राघवच्या टेबलावरची थुंकदाणी

मी थुंकदाणी बोलतेय. मुरडलंत ना नाक? मुरडा, मला सवय आहे. पण मी पानाच्या पिचकाऱ्यांची नव्हे हं! गुरुग्रामच्या एका बड्या हॉटेलात मी वाइन झेलते. चाखणारी माणसं घोट तोंडात घोळवतात, माझ्यात थुंकतात आणि पुढच्या टेबलाकडे जातात. सगळं गिळत बसले तर तासाभरात भिंत धरून चालावं लागेल त्यांना.

माझा जन्म मुरादाबादचा, पितळेचा. पहाडगंजच्या ठोक दुकानात आम्ही बहिणी मांडून ठेवलेल्या असताना मी स्वतःला फुलदाणी समजत होते. पहिल्याच कार्यक्रमात भ्रम फिटला. तेव्हापासून माझं एकच मागणं असे, आज आपल्या टेबलाकडे कुणी फिरकू नये.

गेल्या महिन्यात शॅम्पेनचा कार्यक्रम झाला. प्रत्येक टेबलावर एकेका उत्पादकाच्या बाटल्या, बर्फ आणि आमच्यातली एक. मला राघवचं टेबल मिळालं, अगदी कोपऱ्यात, किचनच्या दाराशी. राघव मूळचा पुण्याचा, राहतो गाझियाबादला. चांगली नोकरी सोडून तो फ्रान्समधल्या एका छोट्या कुटुंबाची शॅम्पेन इथे आणतो. नाव कुणी ऐकलेलं नाही, त्यामुळे खपही नाही. आज एखाद्या मोठ्या हॉटेलने घेतली नाही तर हा उद्योग बंद, असं तो बायकोला फोनवर सांगत होता.

त्याची सगळी भिस्त केतकीवर होती. ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली मुलगी. पूर्वी राघवच्या हाताखाली होती, चाखायला तिला त्यानेच शिकवलं. आता ती एका हॉटेल कंपनीसाठी वाइन निवडते, आणि नव्या मेन्यूत कुणाची शॅम्पेन घ्यायची ते तिला त्याच संध्याकाळी कळवायचं होतं. एवढी टेबलं चाखून कुणाचीच होत नाहीत. काही घोटांनंतर जीभ दमते, मग सगळंच सारखं लागतं. म्हणून आधी कुणाकडे जायचं हे ठरवलं की अर्धा निकाल तिथेच लागतो. सगळ्यात आधी तुझ्याकडे येईन, असा शब्द तिने राघवला दिला होता.

ती आली, पण तिच्या कंपनीतल्या साहेबांबरोबर. साहेबांनी तिला थेट नावाजलेल्या शॅम्पेन घराण्यांच्या टेबलांकडे नेलं. तिने लांबून राघवला हात केला, मग 'आलेच' अशी खूण केली. पुढे पुढे तर ती आमच्याकडे बघायचंच टाळू लागली. राघव उगाच बर्फातली बाटली फिरवत राहिला.

आणि मी? मी खुशीत होते! कोरडी, चकचकीत. समोरच्या बहिणीला भरली म्हणून उचलून नेलं तेव्हा मला हसूसुद्धा आलं. माझा कोरडेपणा म्हणजे या माणसाचं नुकसान, हे माझ्या पितळी डोक्यात शिरलंच नाही. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

गर्दी ओसरल्यावर केतकी आली. साहेबांचं काहीतरी सांगत होती, पण नजर काही वर होईना. राघवने ग्लास भरून दिला. तिने घोट घेतला, गिळला, आणखी एक घेतला आणि ग्लास संपवला. मस्त आहे, बिल्कुल वेगळी, असं म्हणाली.

संध्याकाळभर तिने एक थेंब गिळला नव्हता. पानात वाढलेलं टाकायचं नाही हे घरचं वळण, आणि त्यात हा तिला शिकवणारा. त्याच्यासमोर त्याचीच शॅम्पेन थुंकायची कशी, असं तिला वाटलं असणार.

राघवने माझ्या कोरड्या तळाकडे पाहिलं.

"केतकी, तू प्यायलीस," तो हळू आवाजात म्हणाला. "चाखली नाहीस."

तिचा चेहरा उतरला. "जीभ मेलीये रे आता. काही कळतच नाहीये. आणि यार... नावं मी मघाशीच पाठवली."

तो नुसता "अच्छा" म्हणाला. वर, उशीर झालाय, मेट्रोपर्यंत सोडू का, असंही विचारलं. तो चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं. ती मान हलवून नको म्हणाली, पण तिचा पाय तिथून निघेना.

उघडलेली शॅम्पेन टिकत नाही. तिच्या देखतच राघवने उघडी बाटली माझ्यात ओतली, शेवटच्या थेंबापर्यंत. आजवर माझ्या वाट्याला सगळ्यांचं उष्टं, एकमेकांत मिसळलेलं आलं. एका शॅम्पेनची नुसती तिची अशी चव मला पहिल्यांदाच कळत होती.

तेव्हा एक विनवणी करते. कुणी जीव लावून केलेलं काही तुमच्यापुढे ठेवलं, तर भिडेपोटी गिळून टाकू नका. वेळेवर या, नीट घोळवा, आवडलं नाही तर खुशाल थुंका. मी नाही आता नाक मुरडणार.

केतकीला सांगायला मला वाचा नाही, म्हणून तुम्हाला सांगते. त्या संध्याकाळी समोरच्या बहिणींनी जे झेललं, त्या सगळ्यापेक्षा राघवची शॅम्पेन चांगली होती.