हरवल्या किल्लीचा बोळ

"दादा, माझं नाव जरा ठळक येईल ना?" धाकट्याने विचारलं आणि ओल्या पत्र्यावर वाकून पाहिलं.

"येईल की," मी म्हणालो. "जरा लांबून बघ. रंग ओला आहे."

तो हसत मागे सरकला. माझा सख्खा धाकटा भाऊ. शाळेत मास्तर आहे, आणि गेल्या तीन वर्षांपासून गावातला मोठा माणूस. दर बुधवारी वर्तमानपत्रात त्याचं सदर येतं: कुठल्या गल्लीला कुठलं नाव कसं पडलं. दर रविवारी सकाळी चाळीसएक माणसं त्याच्यामागे गल्लीबोळांतून हिंडतात आणि तो त्यांना गोष्टी सांगतो. आता पालिकेने ठरवलं होतं, की विचित्र नावांच्या नऊ ठिकाणी नव्या पाट्या लावायच्या. वर नाव, त्याखाली त्या नावाची गोष्ट, आणि सगळ्यात खाली धाकट्याचं नाव. पाट्या रंगवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. एकतीस वर्षं पालिकेच्या पाट्या मीच रंगवतो आहे.

आता खरं सांगायचं तर त्या गोष्टी माझ्या होत्या.

पाटी लावायला तुम्ही कुणाच्या घरासमोर शिडी लावलीत, की पाच मिनिटांत कोणीतरी म्हातारं माणूस बाहेर येतं. आधी म्हणतं, पाटी वाकडी लागतेय. मग म्हणतं, या नावामागे काय घडलं ठाऊक आहे का तुम्हाला? उलट्या दारांच्या आळीची गोष्ट मला एका इस्त्रीवाल्याने सांगितली. समोरासमोर राहणाऱ्या दोन भावांचं बिनसलं, तेव्हा एकमेकांचं तोंड दिसू नये म्हणून दोघांनी पुढची दारं भिंत घालून बंद केली आणि मागच्या बाजूला नवी फोडली. रुसक्या विहिरीची गोष्ट एका सुईणीकडून मिळाली. बहिऱ्या पहारेकऱ्याचा चौक, सव्वा पावलाचा जिना, सगळ्या गोष्टी मी शिडीवर उभं राहून ऐकल्या आणि संध्याकाळी जेवताना घरात सांगितल्या. माझी बायको हातातला घास तसाच ठेवून ऐकायची. समोर बसून धाकटाही ऐकायचा. फरक एवढाच, की तो घरी जाऊन लिहून ठेवायचा.

सदर सुरू झालं तेव्हा तो माझ्याकडे आला होता, हे कबूल करायला हवं. म्हणाला, "दादा, तुझं नाव घालतो." मी म्हणालो, "माझं नाव कशाला? नको." नको म्हटल्यावर दुसऱ्यांदा विचारायचं असतं, हे त्याला शाळेत कुणी शिकवलं नसावं. पहिल्याच बुधवारी छापून आलं, "एका जुन्या जाणकाराने सांगितलं." जुना जाणकार! जुनं कपाट म्हणावं तसं. त्या दिवसापासून मी जेवताना गोष्टी सांगणं बंद केलं. कुणाला काही बोललो नाही. आतल्या आत जळत राहिलो.

आणि जळायला इंधन कमी पडू नये म्हणून की काय, माझी बायको दर रविवारी त्याच्या भटकंतीला जायला लागली. सहा वाजता उठायची, चालायचे बूट घालायची, माझा चहा झाकून ठेवायची. परत आली की चेहरा कसा उजळलेला असायचा. "आज भावजींनी काय छान सांगितलं हो!" असं म्हणाली, की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ती गोष्ट हिला मी सांगितली होती! वीस वर्षांपूर्वी, याच टेबलाशी! पण ते बोलणार कसं? साठीला टेकलेल्या माणसाने बायकोसमोर धाकट्या भावाची चुगली करायची?

म्हणून मी दुसरं केलं.

पाटीचा पत्रा आधी पॉलिश पेपरने घासतात, मग त्यावर प्रायमरचा तांबडा हात देतात, तो वाळला की निळा रंग, आणि त्यावर पांढरी अक्षरं. प्रायमर दिला नाही तर रंग वरून तसाच चकचकीत दिसतो, पण पत्र्याला धरत नाही. दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटून गळून पडतो. नऊही पाट्यांच्या तळाशी मी चार बोटांची पट्टी कोरी ठेवली. घासली नाही, प्रायमर दिला नाही, सरळ निळा रंग ओढला, आणि त्यावर धाकट्याचं नाव लिहिलं. ठळक. त्याने सांगितलं होतं तसं.

गोष्टी राहतील आणि नाव जाईल, असा माझा हिशेब होता. एकतीस वर्षांत मी प्रायमर चुकवला तो तेवढाच.

नववी पाटी रंगवत असताना धाकटा पुन्हा आला. ती हरवल्या किल्लीच्या बोळाची होती. "दादा, एक विचारू? या बोळाची गोष्ट तू कधी सांगितली नाहीस. तिथे राहणाऱ्यांनाही माहीत नाही. शेवटी मीच जुळवली, ती खजिन्याच्या रखवालदाराच्या मुलीची. शत्रू दाराशी आला तेव्हा तिने किल्ली विहिरीत टाकली. पण खरं काय आहे?"

"मला काय ठाऊक," मी म्हणालो.

ठाऊक मलाच होतं. कारण ते नाव मी ठेवलं होतं.

नोकरीला लागून मला चार महिने झाले होते. साहेबांनी बोळांची यादी दिली. चौदा नंबरच्या पुढे नावाचा रकाना रिकामा होता. मी पाटीसाठी भिंतीला भोकं पाडायला गेलो, तर समोरच्या घराच्या पायरीवर एक मुलगी भाजीची पिशवी घेऊन बसलेली. किल्ली हरवली म्हणाली. मावशी कामावरून येईपर्यंत बाहेरच बसावं लागणार होतं. दोन भोकांचं काम, वीस मिनिटांचं. मी अडीच तास लावले. बोळाचं नाव काय, असं तिने विचारलं. नाव नाही, म्हणून सांगितलं. "मग पाटीवर काय लिहिणार?" "बघू," म्हणालो. आणि पालिकेच्या कारखान्यात येऊन लिहिलं: हरवल्या किल्लीचा बोळ. साहेबांनी न बघता सही केली. आठ महिन्यांनी आमचं लग्न झालं.

ही गोष्ट मी तिला कधी सांगितली नाही. आधी वाटलं, पाटी बघून तीच विचारेल. तिने विचारलं नाही. मग वर्षं गेली, आणि इतक्या उशिरा सांगणं म्हणजे स्वतःची पाठ थोपटून घेणं वाटायला लागलं. तिला तो दिवस आठवतही नसेल, असं मी धरून चाललो. पण गावातली ही एकच गोष्ट धाकट्याकडे नव्हती, आणि ती मी त्याला देणार नव्हतो.

पाट्या लागल्या त्या रविवारी मीही भटकंतीला गेलो. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही? आज सूर्य कुठून उगवला?" मी म्हणालो, पाट्या सरळ बसल्यात का ते बघायचंय.

पाट्या सरळ होत्या. धाकटा सुरेख बोलत होता, हे माझं दुखणं. मला शिडीवर जे तुटक तुटक मिळालं होतं, त्याला त्याने हात-पाय दिले होते. माणसं माना डोलवत होती. शेवटी आम्ही हरवल्या किल्लीच्या बोळात आलो. त्याने रखवालदाराची मुलगी उभी केली, शत्रू आणला, विहिरीत किल्ली पडल्याचा आवाज काढला. एका बाईंनी डोळे पुसले. टाळ्या पडल्या. मी बायकोकडे पाहिलं. ती धाकट्याकडे एकटक बघत होती आणि टाळ्या वाजवत होती. मला वाटलं, ओरडून सांगावं. अरे, कसली मुलगी आणि कसला खजिना! मुलगी ही इथे उभी आहे!

लोक पुढे गेले. ती मागे राहिली. समोरच्या घराची पायरी तिने हाताने झटकली आणि बसली.

"इथेच बसले होते ना हो मी?" ती म्हणाली.

मी पायरीजवळ गेलो.

"दोन भोकांना अडीच तास लागतात का कुठे? मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"पाटी तुम्ही लावलीत. सांगायचं तुम्ही. मी वाट बघत होते." मग ती हसली. "आणि किल्ली काही हरवली नव्हती. ती माझ्या मुठीतच होती. तुम्ही शिडी लावलीत तेव्हा मी दार उघडायलाच निघाले होते. मग म्हटलं, बसावं जरा. अडीच तास मूठ आवळून बसले. हाताला वळ उठला होता."

एकतीस वर्षं मी ज्या गोष्टीवर नागासारखा बसलो होतो, ती मलाच अर्धी माहीत होती.

"धाकट्याला सांगितलंस हे?"

"भावजींनी दोनदा विचारलं. म्हटलं, मला माहीत नाही." तिने माझ्याकडे पाहिलं. "ते कसं सांगेन त्यांना? ते आपलं आहे."

"मग दर रविवारी कशाला जातेस त्याच्यामागे?" बोलायचं नव्हतं, पण बोललो. आवाजही हवा त्याहून चढला.

"तुमच्या गोष्टी ऐकायला. घरात तुम्ही सांगायच्या बंद केल्यात. मग कुठे जाऊ?"

मी पाटीकडे बघितलं. तळाशी धाकट्याचं नाव उन्हात चकाकत होतं.

सोमवारपासून मी कामाला लागलो. पहाटे, कामावर जायच्या आधी, शिडी खांद्यावर घ्यायची, लोखंडी पट्टीने खालचा रंग खरवडायचा, पत्रा घासायचा, प्रायमर द्यायचा. दुसऱ्या दिवशी निळा. तिसऱ्या दिवशी अक्षरं. धाकट्याचं नाव मी एकदा दुष्टाव्याने लिहिलं होतं, आता दुसऱ्यांदा लिहिताना प्रत्येक वेलांटी निगुतीने काढली. शनिवारपर्यंत आठ पाट्या झाल्या. कुणाला पत्ता लागला नाही. नववीला रविवारी सकाळी हात घातला. लोक यायच्या आत निघू असं वाटलं होतं. बायको शिडी धरायला आली होती. ती चहा आणायला कोपऱ्यापर्यंत गेली, आणि तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी पावलं वाजली.

धाकटा पुढे, मागे माणसं. मी शिडीवर, हातात पट्टी, आणि त्याचं अर्धं नाव खाली जमिनीवर सांडलेलं.

धाकटा पुढे आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"पुसतोयस, दादा?" तो हळू म्हणाला. "पूस. मी कधीचा वाटच बघतोय तू काही बोलायची. गोष्टी तुझ्याच आहेत."

"पुसत नाहीये. पुन्हा लिहिणार आहे. खाली प्रायमर नव्हता."

त्याने वाकून रंगाचा एक पापुद्रा उचलला आणि उलटा करून बघितला. लहानपणी तोच माझी शिडी धरायचा, बाबांच्या दुकानाची पाटी आम्ही दोघांनीच रंगवली होती. प्रायमर म्हणजे काय, आणि तो नसला की काय होतं, हे त्याला सांगायची गरज नव्हती. त्याने वर गोष्टीच्या ओळींकडे पाहिलं, मग खालच्या उघड्या पत्र्याकडे.

"विसरलास?" त्याने विचारलं.

विसरलो म्हटलं असतं तर चाललं असतं. त्याने मान हलवली असती आणि विषय संपला असता. साठीला आलेला माणूस, विसरतो.

"नाही," मी म्हणालो.

तो पापुद्रा हातात घेऊन उभा राहिला. मागून कुणीतरी विचारलं, "सर, या बोळाची गोष्ट?"

"आज नको," तो म्हणाला. "तुम्ही पुढे व्हा. मी येतो."

माणसं कुजबुजत पुढे गेली. कोपऱ्यावरून बायको चहाचे पेले घेऊन आली आणि जागीच थांबली. मी पत्रा घासून घेतला. डबा उघडला, ब्रश बुडवला आणि तांबडा हात ओढायला लागलो. जागा उताराची, शिडी जरा हलत होती. मग ती हलायची थांबली. मी खाली बघितलं. धाकट्याने शिडी धरली होती, लहानपणी धरायचा तशी, दोन्ही हातांनी. वर मात्र तो बघत नव्हता.