अर्ध्या मिशीची पैज

पैज लागली जिन्याखाली, शिंपीकाकांच्या मशीनपाशी. वरच्या मजल्यावरच्या दोघी बहिणी नर्सिंगच्या एकाच वर्गात. थोरली एकदा नापास झाली आणि धाकटीच्या बाकावर येऊन बसली. काका म्हणाले, शनिवारपर्यंत थोरलीने वॉर्डातल्या सिस्टरबाईंना एकदा जरी अडवलं, तर भर चौकात अर्धी मिशी उतरवीन. ती तोंड उघडणारी नाही, याचा पुरावाही त्यांच्याकडे तयार होता. मुद्दाम गंमत बघायला म्हणून त्यांनी तिच्या युनिफॉर्मची बाही दोन बोटं आखूड शिवली होती. पोरीने ती निमूट घातली, वर आभार मानून गेली.

धाकटीने पैज उचलली. हरले तर वेणी कापून देईन, म्हणाली.

थोरली वर जिन्यात उभी राहून ऐकत होती आणि तिचा नुसता जळफळाट चालला होता. ती वेणी कमरेखाली रुळायची. थोरलीच्या केसांची शेपटी खारीएवढी. वर्गात हात वर धाकटीचा, घरात दुधावरची साय धाकटीला, आणि आता ही बया आपल्यावर मेहेरबानी करणार. बघतेच, म्हणाली मनात. दातखीळ बसल्यासारखी गप्प राहते. पडू दे ती वेणी जमिनीवर.

गप्प राहणं अवघडही नव्हतं. रुग्णसुरक्षेच्या तासाला कागद वाटले होते: वरिष्ठांची चूक दिसली तर थांबवण्याचा आत्मविश्वास किती, एक ते दहा. सगळ्या वर्गाने ठोकून दहा लिहिले. थोरलीने धाकटीच्या कागदात बघून लिहिले. वॉर्डातली रीत मात्र वेगळी. तिथे पोरींनी बघायचं, विचारायचं नाही. जी विचारेल तिचे वागणुकीचे गुण कापले जायचे. हा धडा कुठल्या पुस्तकात नव्हता, तरी सगळ्यांना तोंडपाठ होता.

शुक्रवारी सकाळी सात नंबरच्या खाटेवरच्या आजींना उकडत होतं. थोरलीने त्यांना खिडकीजवळच्या आठ नंबरवर नेलं आणि आठच्या आजींना सातवर. सिस्टरबाईंना कोण सांगणार? थोड्या वेळाने बाई इन्सुलिनची सुई भरून आल्या. तिथे माणसं नंबरानेच ओळखायची सवय. थेट सातपाशी थांबल्या.

सातवर आता ज्या आजी होत्या, त्यांना साखरेचा आजारच नव्हता. सकाळपासून पोटात अन्नाचा कणही नव्हता. सुई टोचली असती तर म्हातारी बसल्या जागी बेशुद्ध पडली असती, कदाचित उठलीच नसती. थोरलीला ते कळलं, आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी डोळ्यांसमोर कापलेली वेणीही आली. आजींनी विश्वासाने दंड पुढे केला होता.

"बाई, थांबा," ती म्हणाली. आवाज इतका चिरका निघाला की तिचा तिलाच ओळखू आला नाही. "मनगटावरची नावाची पट्टी वाचा आधी. खाटा मी बदलल्यात. सांगायला हवं होतं, भीती वाटली."

बाईंनी पट्टी वाचली. चेहरा पांढरा पडला. सुई घेऊन त्या आठकडे वळल्या, आणि दुपारी थोरलीच्या वहीत वागणुकीपुढे दहापैकी दोन लिहून मोकळ्या झाल्या.

घरी आई दोन गुणांवरून कपाळाला हात लावून बसली. धाकटीने मात्र थोरलीकडून सगळं दोनदा ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "गेल्या महिन्यात मलाही असंच दिसलं होतं, ताई. चुकीची गोळी. मी गप्प बसले. पेशंट वाचला, ते त्याचं नशीब. तुझ्यात आहे ते माझ्यात नाही." तिच्या डोळ्यांत थोरलीला तीच जळजळ दिसली, जी आजवर फक्त आरशात दिसायची. थोरलीला फार गोड वाटलं. मग लाज वाटली. पण आधी गोडच.

शनिवारी चौकात खुर्ची मांडली. न्हाव्याने काकांची डावी मिशी सपाट केली. पोरं शिट्ट्या मारत होती. काका रडवेल्या तोंडाने म्हणाले, आता उजवीही काढून टाक बाबा, बरं दिसत नाही.

थोरलीने न्हाव्याचा हात धरला. "पैज अर्ध्याची होती, काका. ती तशीच मिरवा. कुणी विचारलं तर सांगा, दहापैकी दोनवाली पोर जिंकली. आणि तिला दोन का मिळाले, तेही सांगा."

काका अर्ध्या मिशीने चौकभर फिरले. ज्याने विचारलं, त्या प्रत्येकाला सगळं सांगत.