न जळलेला धागा

"नाही जळला! नाही जळला!"

गलका उठला आणि लाकडाच्या वखारीत जमलेली गर्दी टाचा उंचावून पुढे लोटली. पुढच्यांच्या खांद्यांवर मागच्यांच्या हनुवट्या टेकल्या. एक म्हातारा आनंदानं रडत होता आणि त्याची सून त्याच्याहून मोठ्यानं रडत दानपेटीत नोटा कोंबत होती. धुपाच्या धुरात बसलेल्या बाबांच्या चिमट्यात एक आखडलेला, काळवंडलेला धागा होता.

"मरण आलं, दारात उभं राहिलं, धाग्याला तोंड लावलं आणि जीभ भाजून पळालं!" बाबा गरजले. "डॉक्टर सुरी परजून बसलेत. पण ज्याला आग खात नाही, त्याला सुरी काय खाणार?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आगीचा आणि सुरीचा संबंध काय, हे विचारायची सवड कुणाला होती? बाबांच्या मागे एक उंच फळी उभी होती आणि तिच्यावर दाढीधारी चेहरा होता. दोन डोळे, मधे सरळ नाक. कुणी कोरलेला नाही, रंगवलेला नाही. लाकडाच्या रेषांतूनच उमटलेला.

थोरली हातातली पिशवीही खाली न ठेवता हे पाहत होती. लेकीचं बाळंतपण उरकून ती आजच परतली होती. धाकट्या बहिणीच्या घराला कुलूप दिसलं, तेव्हा शेजारणीनं सांगितलं, "वखारीत गेली असतील दोघं नवरा-बायको. हल्ली तिथंच असतात." इथं दोघं दिसली नाहीत. पण थोरलीचे पाय निघेनात.

तिच्या नाकाला काहीतरी खटकलं होतं.

त्या गावातल्या निम्म्या बायका चिंध्यांच्या कारखान्यात निवडीला बसत. या दोघी बहिणींचाही जन्म त्याच टेबलाशी गेला. जुन्या कपड्यांचे गठ्ठे येत. लोकर एकीकडे, सूत एकीकडे, रेशीम वेगळं. हाताला शंका आली, की एक धागा उपसायचा आणि दिव्यावर धरायचा. सूत भुरकन पेटतं, कागद जळल्यासारखा वास येतो, मागे पिसासारखी राख उरते. लोकर मात्र आखडते, ज्योत काढली की आपली आपण विझते. टोकाला चिमटीत चुरणारा काळा मणी धरतो आणि वास येतो केस जळल्याचा. हे त्या बायकांना शिकवावं लागत नसे. आमटीत मीठ कमी आहे हे कळावं, तसं ते कळायचं.

मग वखारीत एवढा धूप कशाला, हे थोरलीला उमगलं. ती तशीच माघारी फिरली.

आता घर उघडं होतं. ओट्यावर धाकटीचा नवरा एका पाटाला रंधा मारत होता. सुतार हाडाचा, विनोदी त्याहून हाडाचा. पण आता त्याच्या अंगात हाडंच तेवढी उरलेली दिसत होती.

"या ताई! मावशीची आजी झालात म्हणे. बढती मिळाली."

"भाऊजी, टाके कधी काढले?"

"टाके घालावेच लागले नाहीत," तो हसून म्हणाला.

ती लेकीच्या गावाला निघाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी भाऊजींना सांगितलं होतं, "पोटातली ही गाठ वाढतेय, पण अजून लहान आहे. याच महिन्यात काढू. उशीर केलात तर मला हात लावता येणार नाही." तारीखही दिली होती. ती केव्हाच उलटून गेली होती.

स्वयंपाकघरात धाकटी भाजी निवडत होती. थोरलीनं पिशवी टेकवली आणि सरळ विचारलं, "बाबाला धागा कशाचा दिलास?"

"वखारीच्या दारातल्या बाईनं विचारलं, दवाखान्याची तारीख मिळालीय का. हो म्हटलं. तर म्हणाली, मग ऊब दिलेलं वस्त्र आण. तू विणलेला तो स्वेटर नेला."

"आणि तारीख न मिळालेल्यांना?"

"त्यांचा सदऱ्याचा नाहीतर चादरीचा घेते. तो जळतो. मग घराची शांती करायला लावतात."

"टोकाला मणी धरला होता?"

"धरला."

"वास कसला आला?"

"धुपाचा."

"धुपाच्या आतून, बाई."

धाकटीचे हात थांबले. तिनं हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "केसांचा."

"म्हणजे तुला कळलं होतं!"

"ताई, धागा विझायच्या आधीच कळलं होतं. पण ह्यांच्याकडे पाहिलं. दवाखान्यातून आल्यापासून हा माणूस हसला नव्हता. त्या दिवशी हसले. ती आशा मी कुठल्या तोंडानं विझवू? आणि वाटलं, धागा लोकरीचा असेल, पण फळीवर चेहरा तर आहे ना? तो काही कुणी काढलेला नाही. सगळंच खोटं कसं असेल?"

बाहेर रंधा थांबला होता. सुतार दारात उभा होता.

"फळी?" तो म्हणाला. "अगं, ओंडका मधोमध चिरायचा आणि दोन्ही फळ्या पुस्तकासारख्या उघडून शेजारी जोडायच्या. डावीकडची रेषा उजवीकडे तशीच उमटते. एका गाठीच्या दोन गाठी होतात, त्यांना डोळे म्हणायचं. अशी कपाटाची दारं मी किती केलीत! एका दारात तर तुझी सासू दिसायची. तू तिच्यावर टॉवेल टांगायचीस."

कुणीच हसलं नाही.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" धाकटीचा आवाज चिरकला.

"तुझे हात थरथरायचे थांबले होते म्हणून. आणि म्हटलं, फळी खोटी, पण धाग्यातलं मला काय कळतं? धागा खोटा असता तर हिला कळलंच असतं. ही गप्प आहे, म्हणजे तो तरी खरा असेल."

अर्धी लबाडी हिला ठाऊक, अर्धी त्याला. आणि दोघांनी एकमेकांच्या गप्प बसण्यावर विश्वास ठेवला होता. थोरलीला दोघांच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि दोघांना पोटाशीही धरावंसं वाटलं. तिनं काहीच केलं नाही. निवडायची राहिलेली भाजी पुढे ओढली आणि म्हणाली, "सकाळी दवाखान्यात."

"जाता जाता वखारीत," सुतार म्हणाला. "पटाशी घेतो बरोबर."

सकाळच्या गर्दीत थोरलीनं दोन धागे वर धरले. "बाबा, दोन्ही या भाऊजींच्याच कपड्यांचे. हा स्वेटरचा, हा सदऱ्याचा. एक विझणार, एक जळणार. मग माणूस अर्धा मरणार का?"

"अश्रद्ध हातात अग्नी खरं बोलत नाही, माते!"

"मग तुमच्या हातात घ्या की. धूप तेवढा विझवा, डोळे चुरचुरतात."

कुणीतरी धुपावर पाणी ओतलं. थोरलीनंच धागे दिव्यावर धरले. सुताचा भुरकन जळून गेला. लोकरीचा आखडला, विझला. आता वास लपायला जागा नव्हती.

"अगं बाई, लोकर ही!" मागून एक निवडकरीण म्हणाली.

"तुला आज कळलं होय?"

"तुला कधी कळलं मग? तू का नाही बोललीस?"

सुतारानं फळीच्या नाकावर पटाशी टेकवली आणि एक ठोका दिला. सांधा उकलला. चेहरा दोन फळ्या होऊन पडला आणि त्या फळ्यांवर चेहरा म्हणावं असं काहीच नव्हतं. लोक फळ्या उलटून पाहत होते, तेवढ्यात बाबा, दारातली बाई आणि दानपेटी मागच्या दारानं गेली.

कालचा म्हातारा मात्र जागचा हलला नाही. "बाई, मग माझा धागा?" त्यानं हळूच विचारलं.

"तुमचाही लोकरीचाच, आजोबा. चला आमच्याबरोबर. दवाखाना उघडा आहे."

म्हाताऱ्याचं वेळेत झालं. तो पुढे कितीतरी वर्षं जगला आणि सुनेशी भांडला.

सुताराचं पोट डॉक्टरीणबाईंनी उघडलं आणि तसंच शिवलं. शुद्धीवर आल्यावर त्यानं विचारलं, "रेषेच्या दिशेनं कापलंत ना?"

"हो. स्नायूलाही रेषा असतात. आम्ही त्या बघूनच कापतो."

"मग काम चांगलं केलंत," तो म्हणाला आणि बायकोकडे पाहून हसला. यावेळी कुणासाठी म्हणून नाही. थंडी संपायच्या आत तो गेला.

तो स्वेटर धाकटीनं कुणाला दिला नाही. त्याच्या बाहीची एक ओळ उसवलेली होती, ती शिवलीही नाही. ती पुन्हा निवडीला बसू लागली. नव्या मुली यायच्या, धागा दिव्यावर धरायच्या, वास घ्यायच्या आणि गुपचूप तुकडा योग्य ढिगात टाकायच्या. धाकटी त्यांचा हात धरायची.

"कसला वास आला?"

"मावशी, टाकला की बरोबर ढिगात."

"ते दिसलं मला. तोंडानं सांग. मोठ्यानं."

मुली आपसांत हसायच्या, म्हातारीला ऐकू कमी येतं म्हणायच्या. थोरलीला ठाऊक होतं, तिला चांगलं ऐकू येत होतं. फसवणारा परका असतो, त्याचं काय घेऊन बसायचं? पण आपल्याला खरं कळतं आणि आपल्या माणसाचं मन मोडेल म्हणून आपण ते गिळतो, तिथं त्याचं फावतं. मन मोडलं तर सांधता येतं. म्हणून बायांनो, नाकाला कळलं असेल ते तोंडानं बोला. आणि घरातलं कुणी गप्प असेल, तर त्याला विचारा, तुला काय दिसलं.