भात्यावरचा हात

या, मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. माझा पंखा घरघरतो, लांबून नीट ऐकू यायचं नाही. पण गोष्ट गोड आहे. शेवटपर्यंत बसलात, तर तुमच्या कानात एक सूर ठेवून देईन.

मी एक जुना संगणक आहे. आमच्या हिंदी मुलखात, ओमती बाजारातल्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले. खमरियाच्या फॅक्टरीत कामाला असलेल्या सुशांतनं मला स्कूटरवरून आपल्या क्वार्टरमध्ये आणलं. मागे बसलेली त्याची बायको मेघना मला पोटाशी धरून होती. इतकं जपून मला पुढं कुणी धरलं नाही.

सुशांतची आई अनसूयाबाई कीर्तन करायच्या. वडील अच्युतराव त्यांच्या साथीला पेटीवर असायचे. खंडेनवमीला सुशांत फॅक्टरीतली यंत्रं पुजून यायचा आणि अनसूयाबाई घरातली पुजायच्या. आधी विळी, मग शिलाई मशीन, मग मी. "तुझ्याही पोटात देव आहे रे बाबा," असं म्हणून त्या मला कुंकू लावत. त्याचे कण अजून माझ्या बटणांच्या फटीत आहेत.

देव होता की नाही, ठाऊक नाही. पण बाईंच्या कीर्तनांचे फोटो मात्र, अगदी तरुणपणीच्या अल्बममधलेसुद्धा, माझ्या पोटात साठत गेले. "आपला संगणक काही विसरत नाही हो," त्या पाहुण्यांना कौतुकानं सांगायच्या.

मग घरात मोबाइल आले. माझ्यावर आधी भरतकामाचा रुमाल पडला, मग इस्त्रीचे कपडे. मी झोपून राहू लागलो. झोपेत ते फोटो माझ्या आत तरंगायचे. हिरवी नऊवारी निळी व्हायची, निळी जांभळी व्हायची, कपाळावरचा बुक्का ढगासारखा पसरायचा आणि झांज चंद्रासारखी वर यायची. मला वाटायचं, हेच माझं खरं काम, बाकी सगळा हिशेबबिशेब.

अनसूयाबाई गेल्या, ते मला पेटीनं सांगितलं. रोज दिवेलागणीला तिचा भाता हलायचा. तो हलेनासा झाला.

वर्षश्राद्धाला मराठी मंडळाच्या हॉलमध्ये कीर्तन ठरलं. नागपूरहून कीर्तनकार यशश्रीताई येणार होत्या. त्यांनी निरोप पाठवला, पेटीवर अच्युतकाकाच हवेत. अच्युतराव नाही म्हणाले. "ती उभी नाही, तर मी बसू कुठे?" एवढंच बोलले आणि व्हरांड्यात जाऊन बसले.

मेघनाच्या मनानं घेतलं, आईंच्या फोटोंची एक फिल्म करायची. ती पाहून तरी बाबा पेटी उघडतील. तिनं माझ्यावरचे कपडे उचलले.

"मी तर या डब्ब्याला कबाडीकडे देणार होतो," सुशांत हसला.

"देऊन तर पाहा! आई आहेत याच्यात," मेघना म्हणाली.

मित्रांनो, फिल्ममध्ये एक फोटो जातो आणि दुसरा येतो, त्या मधल्या खेळाला ट्रान्झिशन म्हणतात. मेघनानं हौसेनं सगळे खेळ लावले. एक फोटो भिंगरीसारखा फिरला, एक पानासारखा उलटला. मग तिनं सासऱ्यांना बोलावलं. "बाबा, देखिए ना, किती बढिया झालं!"

पडद्यावर अनसूयाबाई हसल्या, आणि काचेसारख्या तडकून त्यांच्या ठिकऱ्या उडाल्या.

"अगं, तिला काहून फोडून राहिली तू?" अच्युतराव उभेच राहिले.

"बाबा, ते तर ट्रान्झिशन आहे. शादीच्या व्हिडिओत सगळे हेच टाकतात."

"मग शादीतच टाक." त्यांनी पडद्याकडे पाठ फिरवली. "पूर्वरंग संपला की तिला हार घालायचे, बुक्का लावायचे. मग आख्यान लागायचं. तेवढा वेळ मी सूर कधी सोडला नाही. मधली जागा अशी तोडायची नसते, बेटा."

ते निघून गेले. मेघनानं डोळे पुसले आणि सगळे खेळ काढून टाकले. एकच ठेवला: पहिला फोटो हळूहळू विरतो आणि त्याच्यातूनच दुसरा उमलतो. पण मी म्हातारा! अर्ध्यातच अडकलो. दोन फोटो एकावर एक तसेच राहिले.

"अटकला फिर से!" तिनं माझ्या पाठीवर थाप मारली. मग ती पडद्याजवळ वाकली.

फोटो काढणाऱ्यांनी नेहमी बाईंनाच धरलं होतं. अच्युतराव प्रत्येक फोटोत कडेला कापले गेले होते. उरला होता फक्त भात्यावरचा हात. एका फोटोतली बाई तरुण, दुसऱ्यातली पिकल्या केसांची. हात मात्र हातावर आला होता.

"सुनो ना, इकडे या! बाबांचा हात बघा!" तिनं सुशांतला हाक मारली.

मग तिनं एकेक फोटो सरकवून त्या हाताशी जुळवला. आणि सगळ्यात शेवटी बंद पेटीचा फोटो लावला.

ती फिल्म दुसऱ्या कुठल्या यंत्रात नीट उघडेना, म्हणून हॉलमध्ये मलाच नेलं. मेघनानं पेटीही नेली आणि कुणाला न विचारता पडद्याखाली ठेवली. पूर्वरंग पेटीविनाच झाला. यशश्रीताई हार घालून घ्यायला थांबल्या, तेव्हा दिवे मालवले आणि मी जागा झालो.

बाई धुक्यासारख्या विरत होत्या, पुन्हा उमलत होत्या. लुगड्याचे रंग बदलले, केस पांढरे झाले. हात जागचा हलला नाही. अच्युतराव पहिल्या रांगेत त्या हाताकडे बघत होते. मग बाई विरल्या, पुन्हा आल्या नाहीत. पाठोपाठ हातही पुसट होऊ लागला. राहिली बंद पेटी.

"अरे, सूर सुटून राहिला!" अच्युतराव पुटपुटले, आणि अंधारात चाचपडत पुढे गेले.

मी माझा पंखा रोखता येईल तेवढा रोखला. आधी भात्यानं श्वास घेतला. मग सूर आला.

यशश्रीताईंनी आख्यान उचललं.

आता मी पुन्हा खिडकीशी आहे. मित्रांनो, जुनं यंत्र टाकून देण्याआधी त्याच्या पोटात कोण आहे, ते एकदा बघा. आणि कधी कीर्तनाला गेलात, कीर्तनकारांना हार घालताना सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे लागले, तर तुम्ही जरा कडेला बघा. तिथं कुणीतरी सूर धरून बसलेलं असेल. तेव्हा आमच्या अच्युतरावांची आठवण ठेवा.